साक्षीच्या आदल्या दिवशी

आई, आज दुपारपासून तुझी फार आठवण येते आहे, म्हणून लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. आता माझेच केस पांढरे झालेत, आणि ह्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहते. इथं आपल्या रेल्वे क्वार्टरसारखं नाही, लोक भांडतातसुद्धा दार लावून. आत स्वयंपाकघरात एक मुलगी चटणीसाठी शेंगा सोलते आहे. ती आपल्या नात्यातली कुणी नाही, पण तिच्याबद्दलच तुला सांगायचं आहे.

कामाला लावतो म्हणून मुलींना नेतात आणि विकतात. अशा मुलींना सोडवून आणणाऱ्या एका संस्थेत तुझी नात काम करते. चर्चच्या मंडळीतल्या बायका मला विचारतात, एकुलत्या एका पोरीला असल्या कामात कशाला घातलंस? मी कुठं घातलं? मी तिला लहानपणी तुझ्या गोष्टी सांगितल्या, एवढंच. ती पोलिसांबरोबर कुठं गेली की परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. प्रार्थनासुद्धा धड होत नाही. सगळ्यांच्या मुलींसाठी सुरू करते आणि माझ्या मुलीवर येऊन थांबते. तुझं असं होत होतं का गं? विचारायचं राहून गेलं.

तू स्टेशनात बायकांच्या वेटिंग रूमची आया होतीस. शाळा सुटली की मी तिथं येऊन तुझ्या स्टुलाशेजारी बसायची, रद्दीतलं जे मिळेल ते वाचायची. एखादी पोर कुणा माणसाबरोबर गाडीची वाट बघत असेल, आणि तिला विचारलेल्याचं उत्तर तो माणूसच देत असेल, की तू उठायचीस. पोरीचे केस किती गुंतलेत म्हणत तिला आत आणायचीस. पुरुषाला आत यायची सोय नव्हती. मग तेलाची बाटली, फणी, आणि तुझा तो साधा प्रश्न: "वेणी कुनी घातली गं आज?" मराठीत, नाहीतर तुझ्या मोडक्या कानडीत. घरून निघालेली पोर पटकन सांगते, आईनं, आत्यानं, वहिनीनं. जिला सांगता येत नाही ती गप्प बसते, आणि तू वेणी घालता घालता गप्पच राहून वाट बघायचीस. कुणाला येशूचं नाव कधी सांगितलं नाहीस तिथं. पोर बाहेर गेली की तेवढं पुटपुटायचीस, प्रभू, हिला नीट पोचव.

आणि एकदा चुकलीस. सात-आठ वर्षांची पोर होती, वेणी एका कानावर गेलेली, म्हणाली, बाबानं घातली. बाप कुठं वेणी घालतो का, असं म्हणून तू पोलीस बोलावलेस. चौकशी होईपर्यंत त्या दोघांची रेल्वेगाडी निघून गेली. आणि तो खराच बाप निघाला. बायको वारलेली, पोरीला आजीकडं ठेवायला चालला होता. तू दोघांना घरी घेऊन आलीस, त्याच्यापुढं हात जोडलेस, जेवायला वाढलंस. तो भाकरी खात राहिला आणि शेवटी आमच्या अण्णांना म्हणाला, "मालक, ह्यांना पोलिसातच भरती करा की." अण्णा हसायला लागले, तसा तोही हसला. क्वार्टरमधल्या बायकांनी मात्र तुला किती दिवस फौजदारीणबाई म्हणून हाक मारली. मला इतकी लाज वाटली होती. आता तरी लोकांच्या पोरींना विचारणं बंद कर, असं मी म्हटलं. तू तवा उतरवत म्हणालीस, "चुकलं तर माफी मागीन, जेवाय घालीन. न इचारता गाडी गेली तर कुनाला घालू?"

ही आत बसलेली मुलगी दुधनीच्या पुढच्या एका गावची, एकोणीस वर्षांची. माघारी आणली तर घरचे ठेवून घेईनात, म्हणून तुझ्या नातीनं माझ्याकडं आणली. आल्या दिवशी मी म्हटलं, मला मावशी म्हण. तिचा चेहरा असा झाला की मी घाबरले. पुण्यात घरकाम आहे सांगून तिला तिथं पैसे घेऊन सोडून आली ती तिची सख्खी मावशीच होती. आई लहानपणीच गेलेली, त्याच मावशीनं वाढवलेली. आता ती मला आजी म्हणते, तुझ्या नातीला ताई.

उद्या कोर्टात तिची साक्ष आहे, मावशीच्या विरोधात. गेल्या रविवारी मंडळीतल्या एका भगिनीनं चांगल्या मनानं तिला सांगितलं की क्षमा कर, प्रभू तुला शांती देईल. तेव्हापासून ती जेवत नव्हती. आज सकाळी म्हणाली, "आजी, ती वाईट नव्हती हो. गोवर आला तवा मला मांडीवर घेऊन बसलेली. तिला आत टाकलं तर पाप मला लागंल का? मी न्हाय जात उद्या."

आई, मी आयुष्यभर क्षमेवरचे उपदेश ऐकले. एकही कामाला आला नाही. मी एवढंच म्हटलं, "क्षमा तुझी आहे. वाटेल तेव्हा दे, नाही वाटली तर नको देऊ. देव काही तुझ्या मागं लागलेला नाही. पण मावशीच्या घरात आणखी पोरी आहेत ना?"

ती म्हणाली, "दोघी हायेत. धाकटी माझेच फ्रॉक घालती." उठली, चहा केला, दोन पोळ्या खाल्ल्या. मग विचारलं, कोर्टात आत माझ्याबरोबर कोण असंल? मी म्हटलं, वकीलबाई असतील, ताई असेल. मला आत घेतील की बाहेर बसवतील ठाऊक नाही, पण प्रभू तुझ्याबरोबर असेल.

हे मी तिची समजूत काढायला म्हटलं नाही, माझा तसा विश्वास आहे. तरी हा कागद कुणाला दाखवणार नाही, चर्चच्या पाळकांना तर नाहीच; गेलेल्या माणसांशी बोलू नये म्हणतात ते. तिला प्रभूच्या हवाली केलं, आणि उद्या कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी मला तू हवी आहेस.