नसलेल्या तटापायी आमचे घर न पाडणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
जुने किल्ले पुनर्बांधणी कार्यालय,
उत्तर डकोटा.

विषय : फोर्ट केल्सोचा तट आमच्या स्वयंपाकघरातून न नेणेबाबत.

संदर्भ : घर रिकामे करण्याविषयी आपली नोटीस.

महोदय,

मी, सौ. हुल्डा ब्रान्वोल्ड, राहणार नॉर्डालेन, फोर्ट केल्सोची जुनी पावभट्टी, आपणांस सविनय कळविते की :

१. वसाहतीच्या साठाव्या वर्षानिमित्त किल्ला ‘पूर्ववत’ उभारण्याचे योजिले असून त्याचा लाकडी तट आमच्या चुलीवरून जातो, सबब घर पाडावे लागेल, असे आपण कळविले आहे. किल्ला उभारण्यास माझी हरकत नाही. या गावात पाहुण्याला दाखवावे असे दुसरे काही नाहीच. परंतु फोर्ट केल्सोला तट कधीच नव्हता. काही बराकी, एक तबेला, निशाणाची काठी आणि आमची भट्टी, एवढाच किल्ला; बाकी चहूबाजूंना गवत. शिपायांना तट हवासा वाटे तो वाऱ्यापुरता. डकोटा जमातीचे मूळ रहिवासी किल्ल्यावर येत ते सुकवलेले मांस देऊन पाव न्यायला. पुढे पलटण गेली, तेव्हा नॉर्वेहून आलेल्या आमच्या लोकांनी बराकींची लाकडे उचलून आपापली घरे बांधली. भट्टी विटांची, ती काही उचलता येईना, म्हणून माझे सासरे हाल्वोर तीतच राहायला गेले.

२. तटाचा पुरावा म्हणून आपण आमच्या चर्चमधील तैलचित्राचा हवाला दिला आहे. त्या चित्राची हकीकत माझ्या सासूबाई राग्ना स्वतः सांगत. पलटण असतानाच एक फिरस्ता चित्रकार गावात आला असता त्यांनी त्याला किल्ल्याचे चित्र काढायला बसविले.

“हे नॉर्वेला माझ्या आईला जायचंय,” त्या म्हणाल्या. “लेक असल्या उघड्या माळावर राहते हे बघून म्हातारीच्या घशाखाली घास उतरेल का? तट घाला की जरा!”

“अहो बाई, पण इथे तट आहेच कुठे?”

“रंग आहे ना तुमच्याकडे? मग घोडं कुठे अडलंय?”

यावर सासरे म्हणाले, “काढतोच आहेस तर बुरूजही काढ. आणि माझ्या नावानं दोन गाई उभ्या कर. मायदेशात जरा वट राहील.”

आमच्या लोकांची रीतच तशी होती. नॉर्डालेनहून मायदेशी गेलेल्या पत्रांत टोळ कधी आलेच नाहीत, आणि कुणाचे मूलही कधी दगावले नाही. सासूबाईंची दोन दगावली. त्यांची आई वारल्यावर नातेवाइकांनी चित्र परत धाडले, ते चर्चमध्ये टांगले गेले, आणि आता त्यावरून आपला नकाशा निघाला आहे.

३. ही सर्व हकीकत मी आपल्या इंजिनिअरसाहेबांना तोंडी सांगितली. ते कॉफी प्यायले, बटाट्याची पोळी मागून मागून खाल्ली आणि म्हणाले, “काकू, चित्रात आहे म्हणजे असणारच.” मी म्हटले, “मग चित्रात आमच्या दोन गाईही आहेत, त्या कधी देताय?” त्यांनी ते टिपून घेतले. गाई आल्यास मी नाकारणार नाही.

४. आता मुख्य मुद्दा. माझे यजमान टूरवाल्ड याच भट्टीच्या उबेला जन्मले. आज त्यांना अजिबात दिसत नाही. पण विटांवर हात ठेवून ते बिछान्यातून चुलीपाशी, चुलीपासून दारात आणि दारातून कोंबड्यांकडे एकटे जातात, वर मलाच ओरडतात, “बाजूला हो, वाटेत काय उभी राहतेस!” दुसऱ्या घरात त्यांना वासरासारखे धरून न्यावे लागेल, आणि तो माणूस ते सोसणार नाही. आपण देऊ केलेल्या नव्या खोलीत विजेचे दिवे आहेत, त्याबद्दल आभार. यजमानांना त्यांचा काय उपयोग?

तरी तट आमच्या घरामागून वळवून न्यावा, ही विनंती. मुळात नसलेला तट जरा वाकडा गेल्याने इतिहासाचे काही बिघडेल असे मला वाटत नाही.

५. काल आपली माणसे अंगणात खुंट्या ठोकून गेली. यजमानांनी विचारले, “काय ठोकतायत गं?” मी म्हटले, “शेजारचा नीलसन कुंपण घालतोय.” ते खूश झाले. “बरं केलं त्यानं. कोंबड्यांना कोल्ह्याचं भय नाही आता,” म्हणाले, आणि आवाज थांबेपर्यंत दारात ऐकत उभे राहिले.

अर्ज नामंजूर झाल्यास तसे पत्राने कळवू नये. पत्र आले की यजमान ते मलाच वाचून दाखवायला सांगतात. आपण स्वतः यावे आणि त्यांना समोर बसवून सांगावे. माझ्याने ते होणार नाही.

आपल्या येण्याची धास्ती घेतलेली,
आपली नम्र,
(सही) हुल्डा ब्रान्वोल्ड
नॉर्डालेन, ता. ९ सप्टेंबर १९३६