तेरवीच्या पैशात पांढरं छत

प्रिय आई,

काल कुंदाताई येऊन गेल्या, म्हणून आज कागद घेऊन बसले. तुम्ही गेलात, अन् मागचे दोन महिने तुमच्या लेकीनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, हे तुम्हाला कोण सांगणार? मीच सांगते. अन् भांडणाचं मूळ तुम्हीच, हेही सांगून टाकते!

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तुम्ही उशीखालून नोटांचं पुडकं काढून माझ्या हातात दिलंत. कापूस वेचून, दुसऱ्यांच्या तुरी सोलून स्वतःच्या तेरवीसाठी जमवलेला पैसा. मला वाटलं, बुंदी करायची की जिलेबी, ते सांगाल. अन् तुम्ही काय म्हणालात? "वंदने, गाव नको जेवू घालू. पाच माणसं जेवू घाल. बाकीच्या पैशानं बुढ्याच्या खोलीचा स्लॅब थंडा कर. मी नसन तं त्याच्या पाठीले ओला टावेल कोण लावंन?"

मी हो म्हटलं. आजारी माणसाला नाही म्हणवत नाही म्हणून! तुम्ही खरंच जाल, असं कुठं वाटलं होतं?

पण तुमचं सगळं आधीच ठरलेलं होतं. सिंदीला बहिणीच्या घरी पांढरा रंग दिलेल्या छतावर भर दुपारी अनवाणी, पाय न भाजता चालून आलात, तेव्हापासून तुमचा एकच धोशा. आधी छत, मग पश्चिमेच्या खिडकीला सावली, मग कमी विजेचे पंखे, सोलर सगळ्यात शेवटी. तुमचा लेक हप्त्यावर एसी आणायला निघाला तर त्याला दारातच धरलंत. "घर चुल्यावानी तापून राह्यलं, अन् तू त्याच्यात बर्फ टाकतं? बिल कोण भरंन, तुहा सासरा?" माझ्या वडिलांना मध्ये ओढलंत म्हणून मी दोन दिवस तोंड फुगवून होते. आज हसू येतं.

आणि कूलर! आठ उन्हाळे आपण त्या एका खिडकीवरून भांडलो. गार हवा बाहेर जाते म्हणून मी लावायची, तुम्ही येऊन उघडायच्या. मला वाटायचं, सुनेच्या विरुद्ध करायचं म्हणून करतात. छताला रंग द्यायला मिस्त्री आला, त्याला पाणी द्यायला गेले तर तो म्हणतो, "बाई, खिडकी काऊन लावली? कूलरच्या हवेले निघायले वाट पायजे ना, नाई तं खोली नुसती ओली होते." मी आधी जाऊन खिडकी उघडली. म्हणजे खाटेला खिळलेल्या बाबांच्या पाठीवरच्या घामोळ्या माझ्याच हातच्या! माफ करा, आई. नीट समजावून सांगायचं होतं ना एकदा! पण सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

तेरवीला पाचच माणसं जेवली. गावानं तेही गिळलं. पण महिन्याभरात मिस्त्री बादली-ब्रश घेऊन छतावर चढला अन् कहर झाला. वर्ष झालं नाही, अन् घराला रंग! तुमचा लेकही कचरला. "पुढच्या वर्षी करू," म्हणाला. मी म्हटलं, बाबांचा उन्हाळा पुढच्या वर्षीपर्यंत थांबणार आहे का? त्याच रात्री कुंदाताईंचा फोन. "माह्या मायची तेरवी खाऊन तुमी घर सजवून राह्यले?" आईनंच सांगितलं होतं, म्हटलं, तर त्यांनी फोनच आपटला.

त्यांनी तरी का विश्वास ठेवावा? तुम्ही मला एकटीलाच सांगितलंत. हा मात्र माझा राग आहे तुमच्यावर. चार माणसांत बोलला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं?

तरी मी काम पुरं केलं. छताच्या भेगा भरल्या, तीन हात पांढरा रंग दिला, खिडकीबाहेर सावलीला तुरीच्या वाळक्या तुराट्यांची ताटी बांधली, दोन नवे पंखे लावले. तेवढ्यातच पैसे संपले.

काल भर दुपारी ऑटो थांबला. कुंदाताई दारातूनच म्हणाल्या, "बाबाले न्यायले आली. तुमच्या रंगाच्या घरात नाई ठेवत त्याईले." त्या सरळ खाटेपाशी आल्या. बाबांच्या पाठीत हात घालून त्यांना उठवायला गेल्या, अन् हात तसाच राहिला. पाठ कोरडी होती, आई. मे महिन्यात, दुपारी दोनला! एकही घामोळी नाही.

त्या खाली बसल्या. फरशीवर हात फिरवला. वर पाहिलं.

तेवढ्यात बाबा बोलले. त्यांची जीभ जड झाल्यापासून आम्ही त्यांच्याशी हातवाऱ्यांनीच बोलतो, तुम्हाला माहीत आहे. एक एक शब्द ओढत म्हणाले, "तुह्या... मायनंच... सांगतलं. मी... ऐकलं."

ते पलीकडच्या खाटेवरच तर होते त्या दिवशी! दोन महिने आम्ही एकमेकींना खोटं पाडत होतो, अन् साक्षीदार घरात. कुणालाही त्यांना विचारायचं सुचलं नाही. मलाही नाही.

कुंदाताई त्यांच्या खाटेच्या दांडीवर डोकं ठेवून खूप रडल्या. मग तिथंच फरशीवर आडव्या झाल्या अन् चारपर्यंत गाढ झोपल्या. ऑटोवाला केव्हाच परत गेला होता. उठून चहा घेताना खालच्या आवाजात विचारतात, "वंदना, आमच्या छताले किती लागंन वो?"

आई, तुम्ही मला माणूस समजून हे काम दिलंत, याचे उपकार कसे फेडू? माझ्या सख्ख्या आईनंही माझ्यावर इतका भरवसा टाकला नव्हता.

शब्द देते. कुंदाताईंचं छत मी स्वतः उभी राहून करून घेईन. सोलरचा अर्ज दिवाळीनंतर टाकू, पैसे हाताशी आले की, अन् अनुदान किती मिळतं ते नीट विचारूनच. आणि या घरातलं काहीही ठरवायचं असलं की बाबांच्या खाटेजवळ बसून, त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबेन.

तुमची सून,
वंदना