बावीस सेकंदांच्या हसण्याची मूळ फीत मिळण्याबाबत

प्रति,
माननीय ध्वनिसंग्रह अधिकारी,
नभोवाणी केंद्र.

विषय : विडंबनगीताच्या प्रतीतून काढून टाकलेले हसणे परत मिळणेबाबत.
संदर्भ : जुन्या फिती शुक्रवारी नष्ट करण्याची आपल्या फाटकावरील सूचना.

महोदय,

१. अर्जदार चित्रपटगृहात डोअरकीपर होता व त्याची पत्नी तेथेच तिकीट-खिडकीवर बसे. एक प्रेमपट सलग चाळीस आठवडे चालला. खिडकी सोडता येत नसल्याने पत्नीने तो फक्त भिंतीतून ऐकला. अर्जदाराने दारातून पाहिला, पण नेमक्या संवादाच्या वेळी उशिरा येणारे प्रेक्षक तिकीट पुढे करीत. दोघांची माहिती जोडून आम्ही तीन तासांच्या त्या चित्रपटाचे चार मिनिटांचे विडंबनगीत रचले. ते आपल्या केंद्राने एकतीस वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केले. नायिका, तिचा बाप आणि खलनायक पत्नीकडे होते. अर्जदाराकडे नायक व घोडा.

२. शेवटी नायक गोळी लागून मरतो आणि मग घोडा त्याच्याशेजारी प्राण सोडतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी अर्जदाराने घाबरून घोडाच आधी मारला आणि पुढच्याच ओळीत त्याच घोड्यावरून नायकाला दौडत आणले. पत्नी बावीस सेकंद हसली. मग कडवे पुन्हा गायले. तेव्हापासून घरात दूध उतू गेले किंवा किल्ली आत राहिली, की "घोडा आधी मेला" एवढेच म्हणायची पद्धत पडली.

३. पत्नी गेल्या वर्षी वारली. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, तेव्हा आधी मीच जाणार हे ठरल्यासारखे होते. माझ्यामागे कपाट कुठे हलवायचे, तेही तिने ठरवले होते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्हणाली, "गाण्यात आधी मेलात, आणि खऱ्या वेळेला उभेच!" हसायला गेली आणि ठसका लागला. ते हसणे अर्धेच राहिले. मला ते सहन होत नाही.

४. आपल्याकडून मिळालेल्या प्रतीतून अनावश्यक आवाज काढले आहेत. तंत्रज्ञांनी काम मन लावून केले, त्याबद्दल तक्रार नाही. आता नायक वेळेवर मरतो, घोडा त्याच्यामागून मरतो आणि कोणीही हसत नाही. मूळ फीत मागितली असता लिपिकांनी अर्जाचा छापील नमुना दिला. त्यात गीत, भाषण, वाद्यवादन असे रकाने आहेत, हसण्याला नाही. अर्जदाराने वाद्यवादनावर खूण केली, पण वाद्याचे नाव विचारल्यावर ती खोडावी लागली.

५. तरी शुक्रवारपूर्वी ते बावीस सेकंद द्यावेत. गाणे केंद्राने खुशाल ठेवून घ्यावे. देता येत नसतील, तर एकदा ऐकवावेत. बाहेरच्या माणसाला आत घेणे नियमात बसत नसेल, तर दार लावून फीत वाजवावी. मी बाहेर भिंतीला लागून उभा राहीन. तिनेही अख्खा चित्रपट भिंतीतूनच ऐकला होता.

आपला नम्र आणि अद्याप हयात,
(सही)
निवृत्त डोअरकीपर
(फितीच्या डबीवरील नोंदीप्रमाणे : नायक व घोडा)

दिनांक : १४ जून

सोबत :
१) पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) साफ केलेले गाणे, परत.