गोठ्यातली कडी

गोठ्यातली कडी कुणाला विचारून काढलीस? मला विचारलंस? तुझ्या बापाला विचारलंस? खांबाला मुठीएवढं भोक पडलं आणि त्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. परवा एक मला कानाच्या पाळीवर चावली. ती पण तुझ्याच खात्यावर!

मंगेशा, जिथं कुठं असशील तिथं, आजीकडून आशीर्वाद नाही. आशीर्वाद होते तेवढे देऊन झाले, त्यांचा काय उपयोग झाला ते तू बघितलंस. शिव्या मात्र उरल्यात. तुला मुडद्या म्हणून हाक मारायची मला सवय होती. आता तो शब्द तोंडाशी आला की जीभ चावते. एवढी एक शिवी तरी माझ्यासाठी ठेवायचीस!

आज लिहायला बसले, कारण उद्या रुपाली तुझी गाडी घेऊन निघाली आहे. कशेळ्याच्या पुढं, त्याच ओढ्यातून, त्याच डोंगरावर. तुझी सख्खी धाकटी बहीण. मी चौथी शिकलेली बाई, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, त्यात मनगट सुजलंय. का सुजलंय ते पुढं सांगते. वाचता येईल तेवढं वाच.

शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून तू ते डबडं आणलंस तो दिवस मला आठवतो. मिल्ट्रीनं टाकून दिलेली छोटी जीप. रंग उडालेला, शिटा उंदरांनी खाल्लेल्या, दार उघडलं की आत मेलेल्या घुशीचा वास. अंगणात तुळशीशेजारी आणून उभी केलीस.

"हे जीपडं कशाला आणलंस रं?"

"जीपडं नाय गं आजी, फोर बाय फोर हाय. चारी चाकं ओढतात."

"मग घरचं कोण ओढणार?"

"तू हायस ना!"

हसलास. मला चप्पल सापडेपर्यंत गेटाबाहेर पळालास.

मग सगळा उन्हाळा नुसती ठोकाठोक. तू, रुपाली आणि तुझा तो दोस्त पक्या, तिघं गाडीखाली. चांगलं छप्पर कापून फेकलंस आणि त्या जागी लोखंडी पाइपांचा पिंजरा उभा केलास. खालचे पाटे बदलून गाडी एवढी उंच केलीस की चढायला शिडी लागावी. ट्रकासारखे टायर घातलेस. पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून बाजूनं काळा पाइप वर नेलास. मी म्हटलं, गाडीला नाक फुटलं! रुपाली गाडीखालून एवढी हसली की तिचं डोकं लोखंडावर आपटलं, टाके पडले. रक्त पुसत पुन्हा आत घुसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोरगी तुझ्यापेक्षा वाईट आहे.

माझ्यासाठी दांडी केलीस. पुढच्या शिटासमोर, हाताला येईल अशी. "आजी, तुला डोंगरावर नेणार. ही धरायची अन् डोळे मिटायचे." मी म्हटलं, डोळे मिटायला मला डोंगरावर जायची गरज नाही. आणि बघ, आधी कुणाचे मिटले!

पुढं ओढायचा हूक लावायचा राहिला होता. गाडी चिखलात रुतली की दुसऱ्या गाडीनं पट्टा अडकवून ओढायचा, तो हूक. तू थेट गोठ्यात गेलास. हरण्याची कडी. त्या बैलानं माजावर असताना तुझ्या आजोबांच्या बरगड्या मोडल्या होत्या, दावं तोडलं होतं, गव्हाण फोडली होती, पण ती कडी उपटली नव्हती. लहानपणापासून ही गोष्ट तू माझ्याच तोंडून ऐकलीस. "हरण्याला हलली नाय, ती गाडीला काय हलतेय!" असं रुपालीला म्हणालास आणि पहारीनं ती उपटलीस.

अरे, हरण्याच्या वेळी ती सागाच्या खांबात आरपार ठोकलेली होती. तू ती बंपरला चिकटवलीस. बंपर म्हणजे गाडीची मिशी! मिशीला धरून कुणी माणूस ओढतं का?

पुढचं मला रुपालीनं सांगितलं. एकदाच सांगितलं, मी पुन्हा विचारलं नाही. गाडी ओढ्यात रुतली. रुपाली स्टेरिंगवर. पक्यानं पुढून आपल्या गाडीला पट्टा बांधला. आणि तू दोन्ही गाड्यांच्या मधे, पट्ट्याला खेटून उभा, हात हलवत, "ये, ये, येऊ दे!" ती ओरडली, "दादा, बाजूला हो!" पक्यानं झटका दिला. बंपर फाटला. कडी सुटली आणि गोफणीच्या दगडासारखी तुझ्या कानशिलात बसली. अर्धं डोकं गेलं. रुपालीनं तुझं डोकं ओढणीत बांधून मांडीवर घेतलं. सुटं पडू नये म्हणून घट्ट धरलं, म्हणाली. काय सुटं पडू नये, ते तिनं सांगितलं नाही.

पक्या तुला घेऊन आला. मी दारातच दांडका घेतला. आधी पाठीवर, मग हातावर, मग तोंडावर. माणसं धरत होती, मी त्यांनाही हाणलं. त्यानं हात वर केला नाही. पुढचा एक दात पडला. तो त्यानं मातीतून उचलला, पुसला आणि खिशात घातला. मला आणखी राग आला. दात कसला जपतोस मेल्या, मित्र जपायचा होतास!

दहाव्याला दहिवलीला नदीवर गेलो. पिंड मांडला, शेजारी तुझा वडापाव ठेवला, हिरव्या मिरचीसकट. कावळे झाडावर रांग धरून बसले होते, एक खाली येईना. तुझा बाप हात जोडून म्हणाला, "मंगेशा, रुपालीचं चांगलं करीन रं." नाही. तुझी आई म्हणाली, "मी सोताला सांभाळीन." नाही. पक्या लांब उभा राहून सुजल्या तोंडानं काहीतरी पुटपुटला. नाही. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून लावावा, असं भटजी म्हणायला लागले.

तेवढ्यात रुपाली पुढं आली. "दादा, तुजी गाडी मी पुरी करीन. तू नेणार होतास तिथं वर नेऊन उभी करीन."

कावळा आला आणि पिंडावर चोच मारली! सगळे रडायला लागले. मी रडले नाही. मी घरी आले, घण उचलला आणि अंगणात गेले.

दिवे फोडले. काच फोडली, तळहात फाटला. तुझं ते काळं नाक मुळापासून तोडलं. बोनेटवर घातले ते घाव अजून दिसतात. तुला मारता येत नव्हतं, मग कुणाला मारू? रुपाली ओट्यावर बसून बघत होती.

"झालं?"

"नाय झालं."

"मग पाणी पी, अन् परत मार."

मी दांडीवर घाव घातला. माझ्या दांडीवर. घण उसळून माझ्याच खांद्यावर आला. परत घातला. दांडी जागची हलली नाही.

"ती नाय तुटायची," रुपाली म्हणाली. "दांडी पिंजऱ्याला हाय, अन् पिंजरा खाली चासीला. गाडीच्या हाडाला. दादानं तुज्यासाठी दोन दिस घालवले. हूक घाईत लावला."

माझी दांडी करायला हाडापर्यंत गेलास, मंगेशा! आणि स्वतःच्या जिवाचं पत्र्यावर भागवलंस? याचा राग त्या घणाच्या घावांनीही गेला नाही. तू समोर असतास तर अजून चार ठेवून दिल्या असत्या.

मी तिला म्हटलं, "कावळ्याला भूक लागली होती गं, म्हणून आला."

"मग आदी का नाय आला? वडापाव तर सकाळपासून होता."

 

तिनं काचा वेचल्या, नवे दिवे बसवले, नाक परत लावलं. पक्या रोज येतो, खाली मान घालून काम करतो. मी चहा ठेवते, बोलत नाही. नवा हूक त्यांनी चासीला भोकं पाडून बोल्टांनी आवळलाय. काल रुपालीनं मला बोलावलं आणि घण हातात दिला. "मार. तुला पटल्याशिवाय मी नाय जात."

मारला, रं. हात गळेपर्यंत मारला. हूक हलला नाही, माझं मनगट सुजलं. म्हणून हे अक्षर असं.

तुझी कडी पोलिसांकडून परत आली. तिच्या सांध्यात तुझं वाळलेलं रक्त होतं. राखेनं घासून काढलं आणि आज सकाळी ती परत खांबात ठोकली, आरपार, गांधीलमाश्यांच्या घरातून. त्यांनी चावून घेतलं. चावू देत.

आता ऐक. उद्या तिच्या शेजारी मी बसणार आहे, दांडी धरून, डोळे उघडे ठेवून. गाडी रुतली तर पट्ट्याच्या वाटेत कुणाला उभं राहू देणार नाही. जो राहील त्याचं तंगडं मोडीन, तो पक्या असेल तर दुसरा दातही पाडीन. वर पोचलो की तुझ्या बहिणीचा शब्द संपला. ती जशी गेली तशी खाली आणीन, अख्खी. हा माझा शब्द, आणि तो कुठल्या पिंडापुढं दिलेला नाही.

एकच सांग. त्या दिवशी चोच मारायला तूच लावलंस का? बहिणीला त्या डोंगरावर तूच बोलावलंस का?

तुझी आजी,
द्वारका

उत्तर तू द्यायचं. आईच्या स्वप्नात जाऊ नकोस, ती उठून अंगणात जाऊन बसते. रुपालीला काही सांगू नकोस, ती लगेच खरं मानते. भगताच्या अंगात येऊ नकोस. सरळ माझ्याकडं ये आणि तुझ्या तोंडानं बोल. कावळा पाठवलास तर दगड मारीन.