दाब सुटतो तिथं

१२ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकलाही गेला. दर पत्रात तू "कधी येतेस?" विचारतेस आणि मी कामाचं निमित्त पुढे करते. या वेळी तू वेगळाच चिमटा काढलास. "जन्म खाणीवर गेला, अंगावर गुंजभर सोनं नाही. ते येतं तरी कुठून, एवढं तरी सांग!"

तर ऐक. ते येतं पायांखाली कित्येक मैलांवरून. तिथलं पाणी इतकं तापलेलं आणि दाबलेलं असतं की सोनं त्यात विरघळून राहतं, दिसत नाही. जमीन हलली, खडक तडकला की पाणी फटीत घुसतं, दाब एकदम सुटतो आणि सोनं तिथंच बसतं. असं पुन्हा पुन्हा घडतं, तेव्हा कुठे आम्हाला एक पिवळा ठिपका दिसतो. आणि लोकांना वाटतं, आम्ही नुसतं वेचतो!

खोलवरून काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या आमच्या शेडमध्ये पेट्यांत मांडलेल्या असतात. एकाने कांडी ओली करून भिंगातून बघायची आणि मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. बघणारी मी, लिहिणारे हे. "हळू सांग गं, हात आहे माझा, यंत्र नाही," असं रोज कुरकुरायचे.

परवा पांढऱ्या गारगोटीचा पट्टा लागला. त्यात सोनं, नुसत्या डोळ्यांना दिसणारं! मी हरखून सबंध पेटी घडाघडा सांगून टाकली. संध्याकाळी साहेब कागद मागायला आले, तर कागद कोरा. पेन यांच्या स्टुलावर. मी रोज तिथंच ठेवते, अक्का.

साहेब हळूच म्हणाले, "उद्यापासून लिहायला माणूस देतो."

"नको!" मी ओरडलेच. सगळी शेड वळून बघायला लागली. मग मुकाट्याने बसून सगळं पुन्हा पाहिलं आणि स्वतःच लिहिलं.

यांना जाऊन वर्ष होत आलं; तेव्हापासून बघते मीच, लिहिते मीच. सगळे म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! मला अजून रडूच आलेलं नाही. तुझ्याकडे यायचं टाळते ते कामामुळे नाही. तू "आलीस गं टकळे" म्हणशील आणि माझा बांध फुटेल, ही भीती आहे. तो फुटला की हे खरंच गेले असं होईल.

आज नव्या माणसाच्या हातात पेन दिलं. त्याला म्हटलं, मी फार भराभर बोलते, कुरकुर केलीस तरी चालेल.

रजा घेतली आहे. रविवारी पोचते. दार तूच उघड.

तुझी,
टकळी