फँटम पॉवर आणि आईचा पाळणा

सौ. पद्मावती अक्का हिला, यशवंतपूरहून धाकट्या हयवदनाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच वाकलो आहे, गोड मानून घे). भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इथे आम्ही ठीक, आणि मी तर इतका खुशीत आहे की तुझ्या भावजयीने, श्रीविद्येने, कालपासून दोनदा माझा रक्तदाब मोजला.

त्याचं असं झालं. आईच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, पण आवाज स्वल्प बदलू शकतो. ते ऐकून मी घरात जाहीर केलं, की त्याआधी आईचा पाळणा रेकॉर्ड करायचा. आपण त्यावर निजलो, आपली मुलं निजली, आणि त्याची एक ओळही कुठे लिहिलेली नाही. मोबाइलवर करून पाहिला, तर आई कमी आणि शेजारचा मिक्सर जास्त. तेव्हा माडीवरच्या खोलीत जुन्या गाद्या भिंतींना टेकवून (गाद्या आवाज पितात, हे मी वाचलं आहे) स्टुडिओ उभा केला. माइक आणला. पण माइक आणि कंप्युटरच्या मध्ये एक डबी लागते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माणसाचा आवाज ती कंप्युटरला समजेल असा करून देते.

ती निवडायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीच्या एका दुकानात गेलो. आठवडाभर वाचून माझं ठरलं होतं, आठ माइक लागणारीच घ्यायची. दुकानातल्या प्रणीतने विचारलं, “सर, गाणारे किती जण?” मी म्हटलं, “एक. आई.” “मग बाकीची सात भोकं कशाला?” ह्यावर मी त्याला आणखी तीन डब्या उघडायला लावल्या. प्रत्येकीत ‘हॅलो’ म्हणालो, प्रत्येकीत माझा हॅलो सारखाच वाईट आला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, “सर, लहान घ्या. आईंना पुरेल.” दोन माइकची घेतली (एकाची मागायला लाज वाटली).

घरी आल्यावर डबीवर ‘फँटम पॉवर’ असं एक बटण निघालं. ते दाबल्याशिवाय आपला माइक चालतच नाही. मी शहाणपणा करून आईला अर्थ सांगितला, फँटम म्हणजे भूत. झालं! भुतापुढे पाळणा म्हणणार नाही म्हणून आई खाली उतरली, ती अर्ध्या तासाने हळदकुंकू घेऊनच वर आली. डबीची पूजा झाली, अक्षता वाहिल्या, त्यातले दोन दाणे आवाजाच्या बटणाखाली गेले. ते श्रीविद्येने सुईने काढले.

मग हेडफोन लावून आई गायला लागली, तर तिचाच आवाज तिला क्षणभर उशिरा ऐकू येई. ती थांबली की मागोमाग तोही थांबे. शेवटी ती डबीवर कडाडली, “मागून मागून काय म्हणतेस? पाठ नसेल तर गप्प बैस!” मी घाईघाईने प्रणीतला फोन केला. त्याने दुसरं एक बटण दाबायला सांगितलं, म्हणजे आवाज कंप्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. सरी, बरं म्हटलं! दाबलं, आणि आई डोळे मिटून गायली. अक्का, काय सांगू! मी एकसष्ट वर्षांचा माणूस, गादीला टेकून पेंगायला लागलो. दोन कडवी झाली आणि ती थांबली. तिसरं आठवेना. ओठ हलवून पाहिले, पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. मग हेडफोन काढून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते पद्मीला येतं.”

असो. डबी उत्तम आहे, एवढंच कळवायचं होतं.

तुझा,
हयवदन

ता. क. : एवढंच कळवायचं नव्हतं. आईने भर मुंजीत तुला बेसूर म्हटलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू येत नाहीस, ती फोन करत नाही. ऑपरेशनच्या आधी ये गं.

पुन्हा ता. क. : आईने हे पत्र वाचून घेतलं. तिने तुला बोलावलेलं नाही, हे स्पष्ट लिही म्हणते. लिहिलं. आता विचारते आहे, तुझी धारवाडची गाडी इथे किती वाजता पोचते, आणि पद्मी अजून बिनसाखरेचीच कॉफी पिते का.