यादीतला सतरावा

१० मे
म्हसवडच्या हवामान कचेरीत रुजू झाले. पाचगणीच्या गारव्यात वाढलेली मी, इथल्या उन्हात पहिल्याच दिवशी माझा पापड झाला. काम मात्र झकास. संगणकावर विजेचा इशारा आला की यादीतल्या बेचाळीस मेंढपाळांना फोन लावायचा: झाड सोडा, खोलगट जागी उकिडवे बसा. घरमालकीण अंबूबाई कडवट हसल्या. म्हणाल्या, "मेंढरं झाडाखाली अन् धनी उघड्यावर? आसं कुठं आसतंय व्हय?" त्यांचा धाकटा मुलगा अर्जुनाही यादीत आहे. त्याला तर मी झाडाखालून हुसकावणारच!

१४ मे
पहिला वळीव. एकेचाळीस जणांनी हुज्जत घातली, सतराव्यानं नाही. नाव धुळा. "व्हय, निघालो," एवढंच बोलला. घरी कौतुकानं सांगितलं, तर अंबूबाईंची भाकरी तव्यावरच करपली. धुळा त्यांचा थोरला. गेल्या वळवात कडुलिंबाखाली वीज पडून गेला. त्या दिवशी कचेरीतून कुणी फोनच केला नव्हता.

१५ मे
कचेरीतले रविराज म्हणतात, नाव खोडा. का खोडू? तो फोन उचलतोय. उचलेल त्याला सांगायचं, हे माझं काम. भीती वाटते, लय वाटते. पण खोडणार नाही.

२० मे, दुपार
इशारा आलाय. पहिला नंबर लावला, धुळा. दुसरा, धुळा. अर्जुनाचा लावला, तरी धुळाच. म्हणाला, "मला कुनी सांगितलं न्हाई. आता कुनालाबी कळू देनार न्हाई."
बरं. फोन ठेव तुझ्याकडे. रविराजना गावोगावच्या भोंग्यांवर पुकारायला बसवलंय. अर्जुनाच्या माळावर भोंगा पोचत नाही. स्कूटी काढते.

माळावर
अर्जुना कडुलिंबाखालीच होता, फोन कानाला. म्हणाला, ताई, तुमीच सांगितलं की झाडाखाली थांबा. फोन हिसकावला. आत माझाच आवाज. फेकून दिला. त्याला ओढत खोलगटात आणलं. लिहितेय, कारण मागाहून कुणी म्हणायला नको की सांगितलंच नव्हतं.

वीज पडली, झाड पेटलं. अर्जुना म्हणतो, दादा हाक मारतोय — उठायला बघतो — सदरा धरून ठेवलाय —

नाही, धुळा. तुझ्यावर अन्याय झाला, शंभरदा कबूल. हा मिळणार नाही.

हातावरचे केस ताठ उभे — म्हणजे आता वीज इथंच पडणार — अर्जुनाला ढकललं. पळ म्हटलं. पळतोय तो! मेंढरं मागे —

बघ, धुळा. वेळेवर सांगितलं की माणूस वाच